कॅज्युअल्टीच्या दारातला पहिला प्रश्न

आमच्या वाचकांत दवाखान्यांत राबणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणाची लेक सिस्टर आहे, कोणाचा भाऊ वॉर्डबॉय आहे, कोणाची आई आयाबाई म्हणून उभे आयुष्य घालवून निवृत्त झाली आहे. कोणी झाडू-पोछ्यावर, कोणी धोबीखान्यात, तर कोणी शवागारात. वॉर्डात त्यांना ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणतात. हाक मोठी गोड आहे! पण जीवघेण्या साथीचा रुग्ण दारात आला तर या मावशी-मामांच्या हाती काय दिले जाते, त्यांना काय सांगितले जाते, हे कोणी विचारत नाही. ते आज आम्ही विचारणार आहोत. त्यासाठी निपा तापाचा दाखला घेतो. कारण हा आजार २००१ साली सिलिगुडीत आणि २०१८ साली कोझिकोडला रुग्णालयातूनच पसरला, आणि २०१९ साली एर्नाकुलमला तो रुग्णालयानेच अडवला.

निपाचा विषाणू फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत राहतो. मलेशियात १९९८-९९ साली डुकरे पाळणाऱ्या लोकांत तो प्रथम सापडला आणि तिथल्याच एका गावावरून त्याला नाव पडले. ताप, डोकेदुखी, उलट्या, मग गुंगी, बरळणे, कोणाला खोकला आणि धाप. लागण झाल्यापासून साधारण चार ते चौदा दिवसांत लक्षणे दिसतात. हवेवर उडून गावेच्या गावे धरणारा हा आजार नाही. रुग्णाची लाळ, खोकल्याचे थेंब, लघवी, ओकारी यांच्याशी जवळून संबंध आला तर तो धरतो. आता सांगा, ओकारी कोण पुसते? चादर कोण बदलते? भांडे कोण उचलते? डॉक्टर पाच मिनिटे तपासून पुढच्या खाटेकडे जातात. रुग्णाजवळ तासन्‌तास असते ती सिस्टर, मावशी आणि घरचे माणूस.

पश्चिम बंगालमधील सिलिगुडी येथे २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ६६ माणसे आजारी पडली, त्यांतली ४५ दगावली. यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना लागण रुग्णालयात झाली होती. एका रुग्णालयातले रुग्ण दुसरीकडे हलवले गेले आणि आजारही त्यांच्याबरोबर गेला. एका खाजगी रुग्णालयात तर कर्मचाऱ्यांची आणि भेटीस आलेल्या नातलगांची रांगच लागली. आजार कोणता, हे तेव्हा कोणालाच कळले नाही. राखून ठेवलेल्या नमुन्यांवरून तो निपा होता असे २००६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जे मेले त्यांना आपण कशाने मरतो आहोत हे शेवटपर्यंत कळले नाही, आणि ज्यांनी त्यांची सेवा केली त्यांनाही नाही.

कोझिकोडला २०१८ च्या मे महिन्यात पेरांब्रा भागातला एक तरुण तापाने आजारी पडला. आधी तालुक्याच्या रुग्णालयात, मग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याला नेले. ५ मे रोजी तो वारला. मेंदूज्वराचा एक रुग्ण गेला, एवढीच ती गोष्ट वाटली. पुढे दोन आठवड्यांत त्याचा भाऊ तशीच लक्षणे घेऊन एका खाजगी रुग्णालयात दाखल झाला. तिथले डॉ. अनूप कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांना साधी गोष्ट विचारली, की घरात आणखी कोणाला असे झाले होते का? एक भाऊ आधीच गेलेला, बाकीचेही आजारी. एकाच घरात एवढ्या माणसांना मेंदूज्वर कसा? त्यांनी नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेकडे धाडले, आणि २० मे रोजी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निपावर शिक्कामोर्तब केले.

तोवर उशीर झालेला होता. पहिला तरुण सी.टी. स्कॅनसाठी ज्या बोळात थांबला होता, त्या बोळात त्या वेळी असलेली माणसे पुढे आजारी पडली. कोणी दुसऱ्याच रुग्णाबरोबर आलेले, कोणी नुसते उभे असलेले. तालुका रुग्णालयात रात्रपाळीला त्याची शुश्रूषा करणाऱ्या लिनी पुथुस्सेरी या परिचारिकेने २१ मे रोजी प्राण सोडला. घरी दोन लहान मुले, नवरा परदेशी नोकरीला. मुलांची काळजी घ्या, अशी चिठ्ठी त्यांनी नवऱ्यासाठी लिहून ठेवली. लागण पसरू नये म्हणून अंत्यविधी तातडीने उरकला गेला. त्या साथीत ज्यांच्या तपासणीत विषाणू सापडला असे १८ रुग्ण होते. त्यांतले दोघेच वाचले. एक होती परिचारिकेचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी.

लिनीताईंचे पुढे देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण आम्हाला वाटते, त्यांना हुतात्मा म्हणताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. त्या रात्री समोरचा रुग्ण धोक्याचा आहे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. मग बचाव कशाच्या भरवशावर करायचा? आजाराचे नाव कळेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून ताप आणि खोकल्याचा, बरळणारा, ओकणारा प्रत्येक रुग्ण संशयित मानूनच हातमोजे आणि मास्क घालायचा, प्रत्येक रुग्णानंतर साबणाने हात धुवायचे, ही रोजची सवय हवी. ती सवय लागायला हातमोज्यांचा डबा वॉर्डात हवा. स्टोअरच्या कपाटात कुलपात असून उपयोग नाही.

आता दारातल्या प्रश्नाकडे येऊ. केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता लिहितात. त्याच वेळी आणखी चार गोष्टी विचारल्या तर पुष्कळ काम होते: ताप किती दिवसांचा आहे, कोठून आलात, घरात, शेजारात कोणी अशाच आजाराने आजारी पडले किंवा वारले आहे का, आणि तुम्ही कोणत्या दवाखान्यात कोणाजवळ राहिला होता का. उत्तर संशयाचे आले तर रुग्णाला मास्क द्यायचा, गर्दीच्या बाकावर न बसवता वेगळे बसवायचे आणि डॉक्टरला तोंडी कळवायचे. यालाच इंग्रजीत स्क्रीनिंग म्हणतात, आपण चाळणी म्हणू. यंत्र लागत नाही, पैसा फारसा लागत नाही. पण हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा खिडकीवरचा कारकून असतो किंवा दारावरचा रखवालदार, आणि शिक्षण देताना नेमके त्यांनाच वगळतात.

नुसते विचारूनही भागत नाही, हे अमेरिकेने दाखवून दिले. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची भयंकर साथ चालू असताना, २०१४ च्या सप्टेंबरात लायबेरियाहून आलेले एक गृहस्थ डॅलस शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ताप घेऊन गेले. आपण आफ्रिकेतून आलो, हे त्यांनी सिस्टरला सांगितले. तशी नोंदही झाली. पण त्या नोंदीवरून कोणाच्या मनात इबोला आला नाही, आणि त्यांना औषध देऊन घरी पाठवण्यात आले. तीन दिवसांनी ते रुग्णवाहिकेतून परत आले. ८ ऑक्टोबरला ते वारले आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन सिस्टरना लागण झाली. सुदैवाने दोघी बऱ्या झाल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातली ही कथा! त्यानंतर तिथल्या सरकारने नियम कडक केले. कातडीचा एक तुकडाही उघडा राहता कामा नये, आणि पोशाख घालताना व काढताना एक जाणता माणूस समोर उभा राहून पाहत असला पाहिजे.

काढताना, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पोशाख घालणे सोपे असते. घाण लागलेली असते ती बाहेरच्या अंगाला, आणि दमलेला, घामाघूम झालेला माणूस तो घाईघाईने ओढून काढतो तेव्हा ती हाताला, डोळ्याला लागते. म्हणून हातमोजे उलटे सोलून काढायचे, गाऊन आतून बाहेर गुंडाळायचा, चष्मा आणि मास्क शेवटी, तेही फक्त दोरी धरून, आणि मधे-मधे हात धुवायचे. भिंतीला तक्ता लावून हे येत नाही. दहा-वीस वेळा करून घ्यावे लागते. सिस्टरला एकदा तरी शिकवतात. कचरा नेणाऱ्या मामाला कोण शिकवते?

केरळने मात्र धडा घेतला. २०१९ साली एर्नाकुलमला एका तरुण विद्यार्थ्याला ताप आला. रुग्णालयाला वेळीच शंका आली, त्याला वेगळे ठेवले, पुण्याहून ४ जून रोजी निपाचा निकाल आला. त्याच्या संपर्कातल्या तीनशेहून अधिक लोकांवर लक्ष ठेवले गेले. त्याची सेवा करणाऱ्यांपैकी काहींना ताप आला, त्यांनाही तत्काळ वेगळे ठेवून तपासले. त्यांच्यात निपा निघाला नाही. तो विद्यार्थी बरा झाला आणि त्याच्यापासून एकालाही लागण झाली नाही. तोच विषाणू, तेच राज्य, मधे एकच वर्ष. पुढे २०२३ साली कोझिकोडला पुन्हा सहा जणांना लागण झाली, त्यांत एक आरोग्य कर्मचारीही होता. पण मृत्यू दोनवर थांबले. तेव्हा पुण्याच्या संस्थेने आपली फिरती प्रयोगशाळाच तिकडे पाठवली होती. आपल्याकडेही, महाबळेश्वरच्या गुहेत २०२० साली पकडलेल्या वटवाघळांत या विषाणूच्या खुणा याच संस्थेला आढळल्या आहेत. म्हणून घाबरायचे कारण नाही, पण हा दूरच्या केरळचा प्रश्न आहे असे म्हणून पान उलटू नये.

संपर्कात आलेल्यांना काही दिवस वेगळे ठेवण्याविषयी थोडे बोलले पाहिजे. ‘लांब रहा, शिवू नका’ हे शब्द आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. त्यामुळे दवाखान्याने वेगळी खोली दिली की मनात कळ उठते, आणि माणूस ताप लपवतो. पण दोन्हींत फरक आहे. विलगीकरणाला कारण असते आणि ते कारण समजावून सांगता येते. त्याला शेवटचा दिवस ठरलेला असतो. ते डॉक्टरलाही लागू आणि झाडूवाल्यालाही. अस्पृश्यतेला यातले काहीच नव्हते. कोझिकोडच्या साथीत दोन हजारांहून अधिक लोकांवर असे लक्ष ठेवले गेले आणि साथ जूनअखेर संपली. मात्र त्याच दिवसांत पेरांब्राच्या सिस्टरना बस-रिक्षात लोक जवळ बसू देईनात. ज्यांनी सेवा केली त्यांनाच वाळीत टाकण्याचा हा प्रकार! असले विलगीकरण आम्ही मानत नाही. आणि रोजंदारीच्या माणसाला एकवीस दिवस घरी बसा म्हणायचे तर त्या दिवसांची मजुरी कोण देणार, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. नाहीतर तो ताप अंगावर घेऊन कामावर येणारच. आम्ही त्याला दोष देणार नाही.

कोझिकोडच्या स्मशानातली हकीकतही अशीच. विद्युतदाहिनीवरच्या कामगारांनी मृतदेहांना हात लावायचे नाकारले. लोक त्यांना बोलले. पण त्यांना कोणी पोशाख दिला होता, कोणी शिकवले होते? अखेर महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. आर. एस. गोपकुमार स्वतः पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी अंत्यसंस्कार केले. हाताखालच्याला ढकलून स्वतः मागे उभा राहणारा साहेब आपल्या ओळखीचा आहे. हा वेगळा निघाला.

आता आपल्या घरच्यांसाठी कामाची गोष्ट. साथ येवो न येवो, जैव-वैद्यकीय कचऱ्याविषयीचे २०१६ चे केंद्र सरकारचे नियम प्रत्येक रुग्णालयाला लागू आहेत. हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी निदान एकदा, प्रशिक्षण द्यायचे आहे. वर्षातून एकदा त्यांची आरोग्य तपासणी करायची आहे. कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस द्यायची आहे. संरक्षक साहित्य पुरवायचे आहे. सुई टोचण्यासारख्या अपघाताची नोंद ठेवायची आहे. नियमाची भाषा आरोग्य कर्मचारी आणि कचरा हाताळणारे इतर, अशी सर्वांना धरून आहे. कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नाही. तेव्हा मुकादम ‘तू ठेकेदाराचा माणूस, तुला लस कुठली’ म्हणाला तर ऐकून गप्प बसू नये. अर्ज लेखी द्यावा, दोन प्रती काढाव्यात, एकीवर पोच घ्यावी. एकट्याने जाण्यापेक्षा पाळीतल्या सगळ्यांनी सह्या करून द्यावा. सुई टोचली तर जखम दाबून रक्त काढत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच पाळीत, तासाभराच्या आत, डॉक्टरला दाखवून नोंद करून घ्यावी. एच.आय.व्ही.चे प्रतिबंधक औषध जितके लवकर सुरू होईल तितके बरे, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

रुग्णाला भेटायला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आपल्याकडे एक माणूस दाखल झाला की सगळी आळी भेटायला जाते. त्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. पण तापाच्या रुग्णाजवळ एकच धडधाकट माणूस ठेवावा, लहान मुले आणि गरोदर बाया नेऊ नयेत, रुग्णाचे उष्टे खाऊ नये, त्याच्या खाटेवर जेवायला बसू नये, आणि घरी आल्यावर आधी हात-तोंड धुवावे.

कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात निपाच्या दिवसांत इतरांनी पाय मागे घेतला तेव्हा ज्या कंत्राटी कामगारांनी वॉर्ड सांभाळला, त्यांना २०१८ साल संपताना कामावरून कमी करण्यात आले. २०१९ च्या जानेवारीत ते त्याच महाविद्यालयासमोर उपोषणाला बसले होते.