जपानमधील नोकरी : कचऱ्याच्या पिशवीपासून पगाराच्या पावतीपर्यंत

दिवाळी आटोपली की अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बारडोली-सुरतच्या परिसराकडे निघतात. मुकादम, टोळी आणि उचल हे शब्द नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कामासाठी दूर जाणे येथे नवे नसले, तरी ज्या देशाचे नाव आता रोजगाराच्या संदर्भात वारंवार ऐकू येते, त्या जपानविषयी मात्र नेमकी माहिती फार थोड्यांना आहे.

२९ ऑगस्ट २०२५ रोजी टोकियो येथे भारत आणि जपान यांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाखांवर व्यक्तींची ये-जा व्हावी आणि त्यांत भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल वा होतकरू तरुण असावेत, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जपानला या मनुष्यबळाची निकड आहे, कारण तेथील लोकसंख्येत पासष्टीच्या पुढील व्यक्तींचे प्रमाण सुमारे २९ टक्के झाले आहे. ऑक्टोबर २०२४ अखेर त्या देशात २३ लाख परदेशी कामगार होते व त्यांत व्हिएतनामी सर्वाधिक होते. भारतीय रहिवाशांची संख्या त्या वर्षाअखेर सुमारे ५४ हजार, म्हणजे तुलनेने अल्पच होती.

संगणक अभियंत्यांखेरीज इतर तरुणांना जाण्याचे प्रमुख मार्ग दोन. पहिला तंत्र-प्रशिक्षणार्थी योजनेचा, ज्याबाबतचा करार ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला. दुसरा ‘विशिष्ट कुशल कामगार’ या वर्गाचा, ज्याच्या करारावर १८ जानेवारी २०२१ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया, जहाजबांधणी आदी क्षेत्रे दुसऱ्या मार्गात येतात. त्यासाठी कौशल्य चाचणी आणि भाषेची किमान एन-४ श्रेणी वा तत्सम परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. या वर्गाच्या पहिल्या टप्प्यात एकंदर पाच वर्षे राहता येते, परंतु कुटुंब सोबत नेता येत नाही. पहिली योजना २०२७ पासून नव्या कायद्यान्वये बदलली जावयाची असल्याने तिच्या जुन्या पत्रकांवर विसंबून राहणे इष्ट नव्हे.

तथापि नियम ठाऊक असणे वेगळे आणि तेथे दिवस काढणे वेगळे. तेथील काम जड असतेच, पण नवख्या तरुणाची खरी कसोटी लागते ती क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत. राहण्याचे ठिकाण निश्चित झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. निवासपत्र सदैव खिशात बाळगावे लागते. सायकल घेतली तर तिचीही नोंदणी करावी लागते. त्यानंतर प्रश्न उभा राहतो कचऱ्याचा. आपल्या शहरांत घंटागाडी आली की ओला आणि सुका एवढा भेद पुरतो. जपानमध्ये जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, बाटल्या, डबे असे अनेक प्रकार असून प्रत्येकाचा वार ठरलेला असतो, आणि अनेक नगरांत ठराविक पिशवीच वापरावी लागते. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचनेची चिठ्ठी लावून तेथेच सोडली जाते आणि ती कोणाची, हे शेजाऱ्यांना समजण्यास वेळ लागत नाही. परदेशी भाडेकरूंविषयी नापसंतीचे एक नेहमीचे कारण हेच आहे.

दुसरी अडचण ‘हाय’ या शब्दाची. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘होय’ असा असला, तरी व्यवहारात पुष्कळदा तो ‘ऐकले’ एवढाच असतो. रजेची विनंती ऐकून मुकादमाने ‘हाय’ म्हटले म्हणजे रजा मंजूर झाली, असे समजणारा कामगार फसतो. उलट, काम न समजताच आपण ‘हाय’ म्हटले, तर यंत्रावर अपघात ओढवू शकतो. कारखान्यांत ‘होरेन्सो’ हा शब्दही सतत कानी पडतो. होकोकु म्हणजे वृत्त देणे, रेन्राकु म्हणजे कळविणे आणि सोदान म्हणजे सल्ला घेणे, या तिहींची आद्याक्षरे जोडून तो झाला. गंमत अशी की, त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ पालकाची भाजी असा आहे. चूक झाली तर ती लपवून स्वतः दुरुस्त करण्यापेक्षा तत्काळ सांगणे तेथे श्रेयस्कर मानले जाते.

भाषेची भीती मात्र अवास्तव आहे, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे. मराठीप्रमाणेच जपानीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते आणि विभक्तीचे काम करणारे शब्द नामाच्या पुढे लागतात. ‘मी पाव खातो’ याचे जपानी रूप ‘वाताशि वा पान ओ ताबेमासु’ असे होते. तेथील ‘पान’ आणि आपला ‘पाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. हिरागाना लिपीचा आ-का-सा-ता-ना-हा-मा हा क्रमदेखील बौद्ध भिक्षूंबरोबर पोहोचलेल्या संस्कृत वर्णमालेच्या धर्तीवर लागलेला आहे. घरी पावरी किंवा मावची, बाजारात अहिराणी वा गुजराती आणि शाळेत मराठी बोलणारा विद्यार्थी चौथी भाषा शिकण्यास एकभाषी विद्यार्थ्यापेक्षा अधिक सिद्ध असतो. कष्ट खरे कांजी चिन्हांचे. नित्य वापरातील चिन्हेच २,१३६ आहेत, पण एन-४ साठी त्यांतील थोडीच लागतात. पुण्यात जपानी शिकविण्याची परंपरा जुनी असून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये त्या भाषेचे वर्ग चालतात. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक पुण्यात जपानी शिकून तेथे गेले आणि एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागसभेवर निवडून आले.

आता पगाराविषयी. २०२५-२६ या वर्षासाठी किमान वेतन टोकियोत तासाला १,२२६ येन, तर सर्वांत कमी दराच्या प्रांतांत १,०२३ येन ठरले. हा आकडा रुपयांत मांडून दाखविणे सोपे असते. परंतु त्यातून आरोग्य विमा, निवृत्तिवेतन वर्गणी, आयकर आणि बहुधा घरभाडेही वजा होते. शिवाय रहिवासी कर मागील वर्षाच्या उत्पन्नावर बसत असल्याने तो साधारणतः दुसऱ्या वर्षी जूनपासून सुरू होतो आणि हाती येणारी रक्कम एकाएकी घटते. मालकाने फसविले, असा समज अशा वेळी होतो.

खरी फसवणूक बहुधा गावातच, निघण्यापूर्वी होते. ऊसतोडीत मुकादम आधी उचल देतो आणि मजूर ती फेडीत राहतो. परदेशाच्या बाबतीत तरुणच आधी रक्कम मोजतो आणि त्यासाठी शेत वा दागिना गहाण पडतो. पैशाची दिशा बदलली तरी बांधिलकी तीच. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखाली नोंदणी झालेल्या भरती अभिकर्त्यासच परदेशी नोकरीसाठी भरती करता येते आणि त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक कर एवढीच आहे. नोंदणी खरी की खोटी, हे शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. ग्रामपंचायतीच्या संगणकावर हे काम काही मिनिटांत होते. तंत्र-प्रशिक्षणार्थ्याचे पारपत्र मालकाने ताब्यात ठेवणे जपानी कायद्याने निषिद्ध आहे, ही गोष्टही घरच्यांना ठाऊक असावी.

निवृत्तिवेतनापोटी कापलेल्या रकमेचा काही भाग कायमचा परतलेल्या कामगारास एकरकमी मिळू शकतो. वर्गणी किमान सहा महिने भरलेली असावी आणि जपान सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा, अशा अटी आहेत. रक्कम अर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा होते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले होते. तरीही शाळेचा दाखला, आधार, पारपत्र आणि बँकेचे पुस्तक यांवरील नावांत एखाद्या अक्षराचा फरक आजही आढळतो. तो पारपत्राच्या अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा लागतो, आणि त्याची सुरुवात मुख्याध्यापकांकडील नोंदवहीपासून होते.