बोरधरणचं पाणी : समज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपूर-वर्ध्याकडची कुटुंबं दोन दिवसांच्या मुक्कामासाठी बोरधरणची कॉटेज शोधू लागतात. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे जंगल, टेकड्या आणि मधोमध पसरलेलं पाणी. जागा सुंदर आहे, मुलांना दाखवावी अशीच आहे. पण तिच्याबद्दलचे काही समज दुरुस्त करायला हवेत, कारण त्यातले एक-दोन जिवावर बेतू शकतात.

आधी वाटेतला घोळ. रेल्वेच्या यादीत नुसतं ‘सेलू’ दिसलं तर ते परभणी जिल्ह्यातलं, मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं. आपल्या सेलूसाठी वर्धा-नागपूर मार्गावरचं ‘सेलू रोड’ हे स्थानक.

मग धरणाभोवतीचं जंगल. ‘बोर हा देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प’ हे वाक्य अजूनही सगळीकडे छापलं जातं. २०१४ मध्ये १३८.१२ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प जाहीर झाला तेव्हा ते खरं होतं. २०१६ मध्ये आसामचा ओरांग आला. त्याचं गाभा क्षेत्र ८० चौरस किलोमीटरही भरत नाही. वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट मात्र कोणत्याही आकाराच्या जंगलात धरू नये. आणि पार्टीचा बेत असेल तर तो घरीच ठेवावा. सेवाग्रामचा हा जिल्हा दारूबंदीचा आहे, आणि दारू पिऊन पाण्यात उतरणं कुठल्याही जिल्ह्यात घातकच.

आता मुख्य गोष्ट, पाणी.

बरेच जण त्याला तळं म्हणतात. ते तळं नाही. बोर नदीवर १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या मातीच्या धरणाचा तो जलाशय आहे, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. कालव्यातून पाणी सुटतं तसा काठ मागे सरकत जातो. दिवाळीच्या सुमारास पाहिलेला भरलेला जलाशय मे महिन्यात तसा सापडत नाही. तेव्हा पाण्यापर्यंत पोचायला ओल्या गाळाचा पट्टा ओलांडावा लागतो, आणि ही आपली काळी माती आहे. वरून वाळून तडकलेली दिसते, पाय पडला की घोट्यापर्यंत आत घेते. पाण्याखालचा तळही सपाट नसतो. जुन्या नाल्यांची पात्रं, पाण्याखाली गेलेले बांध, झाडांचे बुंधे तिथेच असतात. गुडघाभर पाण्यात चालणारं मूल पुढच्याच पावलाला गळ्यापर्यंत जाऊ शकतं.

‘पाणी कोमट आहे, मग भीती कसली?’ हा दुसरा समज. वैदर्भी उन्हात पाण्याचा वरचा थर तापतो. तापलेलं पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं आणि थंड, जड पाणी खाली बसतं. वारा नसेल तर हे थर एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. काठावर आंघोळीच्या पाण्यासारखं वाटणारं पाणी खोलवर बुडी मारली की एकदम गार लागतं. अचानक गारवा लागला की माणूस नकळत जोरात श्वास ओढतो, आणि तो श्वास पाण्याखाली ओढला गेला तर पुढचं सांगायला नको.

गोड्या कोमट पाण्यातल्या ‘मेंदू खाणाऱ्या’ अमिबाची धास्ती केरळमधल्या बातम्यांनंतर वाढली आहे. हा आजार फार दुर्मिळ आहे, पण बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. तो अमिबा नाकावाटे शिरतो. पाणी पोटात गेल्याने हा आजार होत नाही आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. साचलेल्या कोमट पाण्यात डोकं बुडवू नये, तळाचा गाळ ढवळू नये, एवढी काळजी पुरेशी आहे. म्हणून जलाशयाचं पाणी तसंच प्यावं असं नाही. जुलाबाचे जंतू पोटातूनच जातात.

सगळ्यांत घातक समज असा की बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, आवाज काढायला उसंत नसते. हात वर जात नाहीत, ते पाणी दाबत राहतात. लहान मूल तर मिनिटाच्या आतच दिसेनासं होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि बुडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त १ ते ४ वर्षांच्या मुलांत आहे. त्यामुळे ‘सगळे आहेत ना लक्ष द्यायला’ हे उत्तर चालत नाही. सगळे असतात तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं. एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून, हात पोचेल इतक्या अंतरावर राहावं आणि थकला की दुसऱ्याला तसं सांगून जागा सोडावी. हवेची ट्यूब हे खेळणं आहे, लाइफ जॅकेट नव्हे. मुळात धरणं पोहण्यासाठी बांधलेली नसतात. काठावर मनाईचा फलक असेल तर पाण्यात उतरूच नये.

कुणी बुडताना दिसलं तर पाठोपाठ उडी टाकू नका. वाचवायला गेलेला भाऊ किंवा बापही जातो, अशा बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. दोर, लांब काठी, साडी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका आणि माणसं बोलवा.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे गावोगाव अजून चालतं. त्याने फुप्फुसातलं पाणी निघत नाही. उलट पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. बुडालेल्याला हवी असते हवा. श्वास चालत नसेल तर त्याला उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर जोरात आणि भराभर ३० दाब, २ श्वास, ३० दाब, २ श्वास. तोवर दुसऱ्याने १०८ लावावा.

मूल खोकून शुद्धीवर आलं, बोलू लागलं, तरी त्याला थेट कॉटेजवर नेऊन झोपवू नका. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय याच जिल्ह्यात आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.