देव दळू लागतो, आणि आम्ही?

आषाढी एकादशी आली की चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगांचा गजर उठतो. अशा वेळी श्रोते आम्हांस हमखास विचारतात, "बुवा, कीर्तनास बायाच अधिक का? स्त्रियांची जातच मुळी भाविक, नाही का?" पूर्वी आम्ही 'होय' म्हणून मोकळे होत असू. आता तसे म्हणवत नाही.

प्यू संशोधन केंद्राने 2016 साली जगभरची माहिती एकत्र करून दाखविले की, कोणता ना कोणता धर्म मानणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत 83.4 टक्के, तर पुरुषांत 79.9 टक्के आहे. परंतु त्यातच असेही आढळले की, सामुदायिक उपासनेस ख्रिस्ती समाजात स्त्रिया अधिक जातात, तर मुसलमान समाजात पुरुष. तेव्हा हा सारा स्वभावाचा खेळ नव्हे. रूढीचाही त्यात हात आहे.

आपल्याकडे पाहावे. गाभारा, वीणा, नारदांची गादी ही बहुधा पुरुषांकडे. वटपौर्णिमा, हरितालिका, मंगळागौर ही स्त्रियांकडे. तिची व्रते पतीसाठी, लेकरांसाठी. पत्नीच्या आयुष्यासाठी पतीने निर्जळी राहावे, असे व्रत आपल्या घराघरांत कोठे दिसते? मंदिरात तिला गादी नव्हती, म्हणून तिने जात्यालाच गादी केले. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला, तो या उपासनेचीच साक्ष देतो. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी तर पतीचा रोष सोसून तुकोबांना गुरू मानले. ही भक्ती भोळी खचितच नव्हे.

गेल्या आषाढीची गोष्ट. उत्तररंगात जनाबाईंचे चरित्र लावून आम्ही घरी परतलो. श्रोत्यांचे डोळे पाणावले होते; आम्हीही प्रसन्न होतो. घरी वारकरी पाहुण्यांची पंगत बसलेली. आम्ही पाटावर बसता बसता सौभाग्यवतीस विचारले, "कळसाचे दर्शन तरी घेतलेत ना?" ती वरीचे तांदूळ वाढीत शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हां सगळ्यांचा फराळ उरकेपर्यंत दिवेलागण होते. आषाढीला कळस पाहून किती वर्षे झाली, ते आता आठवतही नाही."

घास आमच्या हातातच राहिला. मंदिर घरापासून हाकेच्या अंतरावर! जनाबाईसाठी प्रत्यक्ष पांडुरंग दळू लागला, हे आम्ही तासभर गाऊन सांगितले. आणि त्याचे कीर्तनकार आम्ही मात्र ताटाची वाट पाहत बसलो! देवाने जात्याला हात लावला, आम्ही भांड्यालाही लावला नाही.

म्हणून यंदा आम्ही ठरविले आहे : एकादशीच्या सकाळी चुलीपाशी आम्ही, आणि दर्शनास ती. साबुदाणा कदाचित गचका होईल; पांडुरंग तो गोड मानून घेईल. वाचकहो, आपल्याही घरी स्त्रिया अधिक भाविक आहेत असे आपण कौतुकाने म्हणत असाल, तर त्या भक्तीला तासभर मोकळीक देऊन पाहा. ती मोकळीक देणे हीदेखील सेवाच होय.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!