सुताराची धूळ आणि शेजाऱ्याचा श्वास

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी वलगाव वसलेले आहे. मेळघाटाच्या पायथ्याचे परतवाडा सागवानाच्या व्यापारासाठी वऱ्हाडात प्रसिद्ध असल्यामुळे या पट्ट्यात सुतारकामाला लाकडाची वाण कधी पडली नाही. पूर्वीचा सुतार बाभळीची बंडी, वखर, तिफण आणि डवरा हातहत्यारांनी घडवीत असे. वाकसाने निघालेल्या ढलप्या आणि रंध्याखालून सुटलेली लाकडाची साले जड असल्याने जागीच पडत आणि संध्याकाळी चुलीत जात. आता त्याच पडवीत विजेवर चालणारे कटर, रंधा मशीन आणि सँडर, म्हणजे पॉलिश पेपर वेगाने फिरवून लाकूड गुळगुळीत करणारे यंत्र, आली आहेत. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकामाचा समावेश असून अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. ही यंत्रे कारागिराचे कष्ट वाचवतात, हे चांगलेच आहे. मात्र त्यांच्यामुळे लाकडाच्या धुळीचे स्वरूप पालटले आहे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींचे मूळ या पालटात आहे.

करवतीचा भुसा डोळ्यांना दिसतो आणि लवकर खाली बसतो. सँडरमधून निघणाऱ्या धुळीचा बराचसा भाग मात्र 10 मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो. असे कण बंद खोलीत यंत्र थांबल्यानंतरही बराच वेळ तरंगत राहतात आणि वाऱ्याबरोबर सामाईक भिंतीपलीकडे जातात. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, सरगुंडे आणि पापडांवर बोट फिरवले की तांबूस थर हाताला लागतो, तेव्हा शेजारच्या घरी प्रथम चिडचिड होते. पण त्याच थरातला अधिक बारीक भाग श्वासावाटे आत जात असतो आणि तो दिसत नाही.

या धुळीचा त्रास दोन प्रकारांनी होतो. पहिला प्रकार निव्वळ खाजेचा व चुरचुरीचा असून त्यात डोळ्यांतून पाणी येते, शिंका येतात व घसा खवखवतो. दुसरा प्रकार संवेदनशीलतेचा, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या पदार्थाला शत्रू मानू लागण्याचा असतो; तो महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे संपर्क आल्यावर उद्भवतो, आणि एकदा जडल्यानंतर अगदी थोडी धूळही पुरळ, सतत वाहणारे नाक किंवा दमा उठवू शकते. बिब्बा कोणाला उततो आणि कोणाला उतत नाही, हे वऱ्हाडातील माणसाला ठाऊक असते. लाकडाच्या बाबतीतही माणसामाणसांत असाच फरक पडतो. सागवानातील डेसॉक्सीलापाकॉल आणि शिसवीतील डालबर्जिऑन या नैसर्गिक रसायनांमुळे त्वचेचा दाह होतो. लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या एमडीएफ पाट्यांच्या धुळीत लाकडाखेरीज फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकही असतो.

दीर्घकाळ जास्त धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कारागिरांना याहून गंभीर धोका असतो. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरनिर्मितीच्या गावात कामगारांना नाकाच्या पोकळीचा एरवी दुर्मीळ असलेला कर्करोग मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे 1960 च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना मानवात निश्चित कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत केली. हा पुरावा वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. त्यावरून शेजाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु भिंतीपलीकडे जाणारी धूळ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त सुताराच्याच छातीत उतरते, हे त्यातून स्पष्ट होते.

प्रत्येक शिंकेचा दोष सुताराला देणेही योग्य नाही, कारण वऱ्हाडात गाजरगवत, कापसाची धूळ आणि रस्त्यांची माती ही कारणेही तेवढीच जवळची आहेत. काम बंद असलेल्या दिवसांत त्रास कमी होतो आणि सुरू झाल्यावर वाढतो काय, याची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवणे हा निदानाचा साधा व भरवशाचा मार्ग आहे. मात्र दम्याचा झटका कित्येकदा धुळीच्या संपर्कानंतर काही तासांनी, रात्री येतो, हे विसरता कामा नये.

कायदा या प्रश्नावर अगदीच मूक नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाने धूळ ती निघते त्या जागेजवळच शोषून घेण्याचे बंधन घातले, पण चार माणसांची घरगुती कार्यशाळा त्या चौकटीबाहेर राहिली. एका डॉक्टरच्या दवाखान्यासमोर विटा दळण्याचे यंत्र बसवल्यामुळे आत येणारी धूळ हा दाद मागण्याजोगा उपद्रव आहे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मानले. या यंत्रांच्या आवाजाबाबतही 2000 च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. तरीही न्यायालयाची पायरी चढण्याआधी गावातच मार्ग निघू शकतो; महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून राबवलेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम अशाच वादांसाठी होती.

उपाय सुताराच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. सँडरला धूळ ओढणारी नळी व पिशवी जोडणे, कोरडा झाडू किंवा हवेचा फवारा न मारता ओल्या फडक्याने पुसणे, तोंडाला रुमालाऐवजी घट्ट बसणारा एन-95 मास्क लावणे, घासण्याचे काम ठरावीक वेळी करून ती वेळ शेजाऱ्याला आधी सांगणे, यांनी बराच फरक पडतो. शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून लावलेला एक्झॉस्ट पंखा मात्र उपाय ठरत नाही, कारण तो धूळ पकडत नाही, नुसती पुढे ढकलतो.

स्वच्छतेचे व्रत घेतलेल्या संत गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाजवळ देह ठेवला. आपल्या उंबऱ्याबाहेरची घाणही आपलीच, ही त्यांची शिकवण या गावाला नव्याने सांगावी लागत नाही. सुताराने आपल्या यंत्राची धूळ यंत्रापाशीच अडवावी आणि शेजाऱ्याने काम बंद पाडण्याची नव्हे, तर धूळ अडवण्याची मागणी करावी. त्यात सुताराचा धंदा टिकतो, आणि दोन्ही घरांची फुफ्फुसेही शाबूत राहतात.