बाळाची खेळणी : आनंद आणि सुरक्षितता

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका हा सागाच्या जंगलांचा आणि आदिवासी वस्त्यांचा मुलूख होय. याच तालुक्यात, पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्यापासून जवळच इस्लापूर हे गाव वसलेले आहे. परिसरातील वाड्या, तांडे आणि पाड्यांवरील माणसे बाजारहाटासाठी येथे येतात. मीठ-मिरची, कापडचोपड, बी-बियाणे यांची खरेदी आटोपली की, घरी वाट पाहणाऱ्या मुलासाठी एखादा खुळखुळा, एखादी पिपाणी किंवा रंगीत मोटार पिशवीत पडते. बाजाराहून परतणाऱ्या आईबापांनी मुलासाठी काहीतरी आणावे, ही आपल्याकडील जुनी आणि गोड रीत आहे.

मात्र मडके घेताना ते वाजवून पाहणारे आणि विळा घेताना त्याची धार तपासणारे आपण लोक, खेळणे तेवढे रंग पाहून घेतो. वास्तविक मडके फुटले तर दुसरे आणता येते. तान्ह्या मुलाच्या श्वासनलिकेत खेळण्याचा एखादा तुकडा अडकला, तर मात्र अवघ्या काही मिनिटांत जिवावर बेतते. मोठी रुग्णालये दूर असलेल्या गावांत ही काही मिनिटे फारच मोलाची ठरतात. म्हणूनच अशा गावांत खेळणे नीट पारखून घेणे हाच पहिला उपचार समजावयास हवा. सुदैवाची गोष्ट अशी की, ही पारख करण्यासाठी पैसा लागत नाही. थोडी माहिती आणि थोडे लक्ष एवढे पुरेसे आहे.

वयाप्रमाणे खेळणे

खेळ हा लहान मुलाचा उद्योग आहे. धरणे, सोडणे, आपटणे, चाखणे यांतूनच त्याला जगाची ओळख होते. त्यामुळे महाग खेळणे ते चांगले, असा हिशेब येथे लागू पडत नाही. जे मुलाच्या वयाला साजते तेच चांगले.

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाला सुमारे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे बरे दिसते. या काळात आईचा चेहरा आणि तिचा आवाज यांहून सरस खेळणे नाही. ठळक काळ्या-पांढऱ्या आकृतींचे कापड दाखविल्यास बाळ तेही टक लावून पाहते. तीन-चार महिन्यांनंतर मूठ वळू लागते. तेव्हा हलका, एकसंध आणि गुळगुळीत खुळखुळा द्यावा. सहा महिन्यांनंतर हाती येईल ती वस्तू तोंडात जाते. या वयात कापडी चेंडू, मोठी वाटी, काठ बोथट असलेले डबे आणि लाकडी पळी ही उत्तम खेळणी ठरतात. एका वाटीत दुसरी वाटी बसविण्यात बाळ पाऊण तास रमते, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते.

पाऊल टाकू लागलेल्या मुलासाठी आपल्याकडे लाकडी पांगुळगाडा प्रसिद्ध आहे. मूल स्वतः उभे राहून तो ढकलते आणि तोल सावरण्यास शिकते. सपाट अंगणात, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तो द्यावा. याच्या उलट, मुलाला आत बसवून चाकांवर फिरविण्याचा जो वॉकर बाजारात मिळतो, तो टाळणे इष्ट. त्यात बसलेले मूल क्षणात चुलीपाशी किंवा पायरीपाशी पोहोचते. शिवाय त्यामुळे चालणे लवकर येते, असेही नाही. अशा अपघातांमुळे कॅनडा या देशाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली.

दोन ते तीन वर्षांच्या मुलाला ओढण्याच्या गाड्या, एकावर एक रचावयाचे मोठे ठोकळे आणि चिंध्यांची बाहुली द्यावी. तीन वर्षांनंतर भातुकली, पोळ्याचे मातीचे बैल, ओली माती आणि चित्रांची पुस्तके यांचे दिवस येतात. या वयात मूल खेळण्याला नाव देते, त्याच्याशी बोलते आणि त्याला जेवू घालते. भाषेची वाढ याच बोलण्यातून होते.

नाण्याची कसोटी

खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी आपल्या देशात जे मानक आहे, त्यात एक साधी चाचणी सांगितलेली आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळकांड्यात जी वस्तू किंवा जो तुकडा पूर्णपणे मावतो, तो तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात असता कामा नये. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. म्हणजे या नळकांड्याचे तोंड नाण्यापेक्षा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरने मोठे. चेंडूच्या बाबतीत ही मर्यादा आणखी वाढते आणि सुमारे साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडू या वयाला धोक्याचा मानला जातो. गोटी तर मुळीच देऊ नये.

घरी सहज करता येण्याजोगी खूण अशी : अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून जे कडे तयार होते, त्यातून जी वस्तू आरपार जाईल ती तान्ह्या मुलापासून दूर ठेवावी. खेळणे विकत घेण्यापूर्वी त्याचे चाक ओढून पाहावे, बाहुलीचा डोळा बोटाने दाबून पाहावा, खुळखुळ्याचा जोड हलवून पाहावा. जे आपल्या हातात निघते ते मुलाच्या तोंडात जाणार, हे गृहीत धरावे. तुटलेल्या खेळण्याला कडा व टोके येतात; ते ‘अजून चालते’ म्हणून ठेवू नये.

आणखी चार वस्तूंविषयी विशेष सावध राहावयास हवे. पहिली वस्तू फुगा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चपखल बसतो आणि सहजासहजी निघत नाही. दुसरी, गळ्यात अडकू शकेल अशी लांब दोरी. पाळण्यावर बांधलेली खेळणी बाळ हात टेकून उठू लागताच काढून टाकावीत. तिसरी, दिवे लागणाऱ्या व गाणाऱ्या खेळण्यांतील बटणासारखी चपटी बॅटरी. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांच्या आतच तेथे गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. बॅटरीचे झाकण स्क्रूने पक्के बंद होत नसेल, तर ते खेळणे घेऊ नये. चौथी, लहान पण जोरकस लोहचुंबक. असे दोन चुंबक पोटात गेल्यास आतड्याच्या दोन पदरांमधून ते एकमेकांना खेचतात आणि आतड्याला छिद्र पडते. बॅटरी किंवा चुंबक गिळल्याची नुसती शंका आली, तरी मुलाला त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

रानातील रंगीत बिया

किनवटसारख्या वनभागात मुलांना रानच पुष्कळशी खेळणी पुरविते. चिंचोके आणि सागरगोटे यांवर आपल्या कित्येक पिढ्या खेळल्या. परंतु लाल अंगाची आणि काळ्या टिकल्याची गुंज दिसावयास जितकी मोहक, तितकीच घातक आहे. तिच्या कवचाच्या आत तीव्र विष असते. बी चावली गेली किंवा माळेत ओवण्यासाठी तिला भोक पाडले, तर ते विष बाहेर येते. एरंडाची बी आणि कुंपणाला लावल्या जाणाऱ्या मोगली एरंडाची बीही अशीच विषारी. मोगली एरंडाच्या बिया गोड लागतात म्हणून मुले त्या खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. धोतऱ्याच्या काटेरी बोंडांनाही हात लावू देऊ नये.

बिनविषारी बियांचा धोका निराळा असतो. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका हे खेळता खेळता नाकात जातात किंवा हसता-रडताना श्वासनलिकेत ओढले जातात. म्हणून बियांचे खेळ तीन वर्षांच्या पुढेच सुरू करावेत, आणि तेही समोर बसून.

रंगामागचे शिसे

चकाकणारा पिवळा किंवा लाल रंग मुलाला आवडतो. काही रंगांत मात्र शिसे असते. ते शरीरात गेल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर शिसे चार ते पाच पट अधिक शोषून घेते. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. तथापि जुन्या रंगाची, पोपडे निघणारी खेळणी घरोघरी असतात. ती तान्ह्या मुलाला देऊ नयेत. नवे खेळणे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. रंग सुटला तर ते परत करावे. रंग सुटला नाही म्हणजे शिसे नाहीच, असे मात्र नव्हे. म्हणून तोंडात जाणारे खेळणे शक्यतो बिनरंगाचे असावे.

कायद्याचे संरक्षण

खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी केंद्र शासनाने २०२० मध्ये काढलेला आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. चिन्हासोबत परवाना क्रमांकही छापलेला असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपवर तो क्रमांक खरा की खोटा, हे ग्राहकाला पडताळता येते. वेष्टनावर लिहिलेले वयही वाचावे. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना मुलाच्या हुशारीविषयी नसून त्याच्या घशाविषयी असते.

नोंदणीकृत हस्तकारागिरांनी केलेल्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट देण्यात आली आहे. लहान कारागिराचा व्यवसाय टिकावा, हा त्यामागील हेतू होय. साहजिकच अशा खेळण्यावर चिन्ह नसते आणि त्याची पारख करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

आपल्या मातीतील कारागिरी

किनवटच्या पलीकडे, तेलंगणातील निर्मल हे गाव लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेले आहे. पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडातून तेथील कारागीर फळे, पक्षी आणि प्राणी घडवितात. लाकडावर चिंचोक्याच्या पिठाचा लेप देऊन वर रंगकाम होते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे आणि भाज्याही अशाच हुबेहूब असतात. ही कला घरात अवश्य असावी. मात्र रंगविलेली नक्षीदार वस्तू ही पाहण्याची व जाणत्या मुलाच्या खेळण्याची समजावी, दात येणाऱ्या बाळाने चघळण्याची नव्हे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे काळ्या कुड्याचे लाकूड चरकावर फिरवून त्यावर लाखेचा रंग चढविण्याची परंपरा आहे. तशी खेळणी घेतानाही रंग लाखेचा व वनस्पतिजन्य आहे ना, हे विचारून घ्यावे.

अंगणातील शाळेचा धडा

चांगली खेळणी घडविण्यास पैसा लागत नाही, हे महाराष्ट्राला ताराबाई मोडक यांनी दाखवून दिले. १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये बहरले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार होता. शहरी बालमंदिरांतील महागडी साधने पाड्यावर परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पाने अशा परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनविले. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली.

इस्लापूर परिसरातील अंगणवाडीतही हा धडा गिरविता येईल. जुन्या लुगड्याची बाहुली, घट्ट शिवलेला कापडी चेंडू, कानशीने घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे ही खेळणी गावातील शिंपी, सुतार आणि आज्या यांच्या हातून एका दुपारी तयार होतील. टाके पक्के असावेत, बटणांऐवजी दोऱ्याने डोळे भरावेत, बांबूची कुसळे राहू देऊ नयेत, एवढीच दक्षता पुरे. खेळणी आठवड्यातून एकदा साबणाने धुवावीत आणि मोडलेली बाजूला काढावीत.

अपघात घडलाच तर

मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने उपचार सुरू करावा. एक वर्षाखालील बाळाला डोके खाली राहील असे हातावर पालथे धरून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा माराव्यात आणि मग मागून कवेत धरून बेंबीच्या वर पाच वेळा आत व वरच्या दिशेने दाबावे. मूल बेशुद्ध पडल्यास १०८ वरील सूचनांप्रमाणे छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये आणि पाणी पाजू नये. ही कृती वाचून पूर्ण कळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीतील मातांच्या बैठकीत ती एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावी.

खेळणे लहान असते, किंमत थोडी असते, म्हणून त्याचा विचारही थोडा केला जातो. ही सवय बदलावयास हवी. बाजारात खेळणे हाती घेतल्यावर ते ओढून, दाबून, घासून पाहण्यास एक मिनिट पुरते. गावातील प्रत्येक आईबापाने, आजीआजोबांनी आणि अंगणवाडी सेविकेने हे एक मिनिट काढले, तर मुलांचा खेळ निर्धोक होईल आणि घरातील हसूही टिकेल.