गाडीतली वीज – भाग ७ : जाड वायरीचा जोड

मागच्या भागात आपण वायरीच्या जाडीचा हिशेब केला. ५०० वॅटचा, ८० टक्के कार्यक्षमतेचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात वाजू लागला की बॅटरीतून साधारण ५० अँपिअर ओढतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरून आपण २१ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ठरवली. अमेरिकी मापात हीच ४ गेज. आता प्रत्यक्ष काम सुरू केलं की हमखास एक अडचण येते : किटमधली वायर दोन फूट कमी पडते. मग जोड द्यावा लागतो, आणि सगळा हिशेब त्या जोडावर येऊन ठेपतो.

आकडे पाहा. ती अख्खी ५ मीटर वायर ५० अँपिअरला जेमतेम ०.२ व्होल्ट खाते. मध्ये एकच सैल जोड असेल आणि त्याचा रोध ओहमचा शंभरावा भाग जरी असला, तरी तो एकटा अर्धा व्होल्ट खातो. त्या बोटभर जागेत २५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावरच्या सोल्डरिंग आयर्नएवढी. त्यावर गुंडाळलेली पीव्हीसी टेप किती टिकणार?

फ्यूज उडेल, अशी आशा इथे कामाची नाही. फ्यूज उडतो तो प्रवाह वाढल्यावर. सैल जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. त्यामुळे जोड वितळत राहतो आणि फ्यूज शाबूत असतो. तरीही फ्यूज हवाच, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. त्या वेळी गाडी वाचवतो तो हाच फ्यूज.

तारा पिळून वर टेप मारणं ही घरच्या बारीक वायरीची सवय. जाड वायरीत शेकडो बारीक तारा असतात. त्यांना पीळ दिला तरी त्या एकमेकींवर दाबून बसत नाहीत. सोल्डर करावं म्हटलं, तर एवढं तांबं छोट्या आयर्नची उष्णता शोषून घेतं आणि सोल्डर आत न उतरता वरच गोठतं. मोठ्या आयर्नने ते आत उतरवलंच, तर तारांचा तेवढा भाग कडक होतो आणि कडक भाग जिथे संपतो तिथे हादऱ्यांनी तारा तुटू लागतात. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या महामार्गाला लागणाऱ्यांना हादऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

म्हणून जोड दाबून करायचा. वायरीच्या मापाची तांब्याची नळी घ्यायची, कल्हई केलेली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह वायरीत आधीच ओवून ठेवायची. ही पायरी विसरली तर नंतर इलाज नसतो. इन्सुलेशन नळीच्या निम्म्या लांबीएवढं सोलायचं, एकही तार कापू द्यायची नाही. दोन्ही टोकं नळीत मध्यापर्यंत सारायची आणि षट्कोनी डाय असलेल्या हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने दाबायचं. पक्कड किंवा हातोडी चालत नाही, कारण नळी चपटी होते आणि तारांमध्ये पोकळी राहते. हे टूल विकत घ्यायची गरज नाही. ट्रकच्या बॅटरी केबल बनवून देणाऱ्याकडे ते असतं. शेवटी स्लीव्ह गरम करायची. खाडीकाठची दमट, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांना तांब्यापर्यंत पोचू न देणं हे त्या गोंदाचं काम.

जोडण्याआधी एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के. शिवाय तांब्याशी जोडून ओल लागली की ते गंजतं. अशा वायरीला जोड देण्यापेक्षा ती बदललेली बरी.

जोड तपासताना मल्टिमीटर ओहमवर लावून उपयोग नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध जोडापेक्षा कितीतरी जास्त असतो. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, टोकं जोडाच्या दोन्ही बाजूंना लावा आणि भरपूर बेस असलेलं गाणं मोठ्याने वाजवा. दहा-वीस मिलिव्होल्टच्या आत राहिलं तर जोड उत्तम. शंभराच्या पुढे गेलं तर कापून नवा करा. आणि वायर अजून विकत घ्यायचीच असेल, तर आधी सुतळीने गाडीतला मार्ग मोजा आणि अखंड तुकडा आणा.

पुढच्या आठवड्यात : बॉडीवरची अर्थिंग आणि रंगाखालचा पत्रा.