चिप अडते ती उष्णतेपाशी

'विक्रम ३२०१' ही देशी बनावटीची चिप २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या 'सेमिकॉन इंडिया'त पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली. तेव्हापासून दोन सूर ऐकू येत आहेत. एक अभिमानाचा, तर दुसरा नाक मुरडण्याचा: १८० नॅनोमीटर म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचं तंत्र, जग २ नॅनोमीटरच्या दारात उभं आहे. या वादात तिसरा एक आकडा हरवला. ही चिप उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालते. जळगाव-धुळ्याच्या वाचकाने तो आधी वाचायला हवा, कारण चिपच्या प्रगतीला खरा अडसर उष्णतेचा आहे.

भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हात धरलेला मोबाइल अडखळू लागतो. तो बिघडलेला नसतो; प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सर्वसाधारण प्रोसेसरची सहनशक्ती शंभर अंशांच्या आसपास असते. बाहेर २५ अंश असतील तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो, ४५ असतील तर ५५ अंशांचाच. म्हणजे तेच यंत्र आपल्याकडे उन्हाळ्यात थंड होण्याची पाव हिश्शाहून अधिक क्षमता गमावून बसतं.

गॉर्डन मूर यांचं भाकीत सर्वांना ठाऊक आहे: चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल. ते बऱ्याच अंशी खरं ठरलं. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज ते हजारो कोटींत मोजतात. पण संख्या वाढली म्हणून वेग वाढत नाही. वेगाचं गणित मांडलं ते आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी, १९७४ मध्ये. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालतील आणि उष्णता मात्र वाढणार नाही, असं ते गणित होतं. तीस वर्षं उद्योग त्यावर चालला. ४००४ चा वेग ७४० किलोहर्ट्झ होता, १९९३ च्या पेंटियमचा ६६ मेगाहर्ट्झ आणि २००४ च्या पेंटियम ४ चा ३.८ गिगाहर्ट्झ.

तिथे गाडी अडली. व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास आल्यावर आणखी उतरवता येईना, कारण मग ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज पाझरते. त्यातला विद्युतरोधक थर तोवर जेमतेम १.२ नॅनोमीटरचा, म्हणजे मोजक्या अणूंच्या जाडीचा उरला होता. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ त्याच वर्षी रद्द केला. दोन दशकांनंतरही सर्वांत वेगवान डेस्कटॉप प्रोसेसर ६ गिगाहर्ट्झच्या घरातच आहेत.

हे संकट ज्यांनी आधीच ओळखलं, त्यांत शेखर बोरकर हे नाव ठळक आहे. मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले बोरकर अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९८१ मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले. सुरुवातीला त्यांनी ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या कुटुंबावर काम केलं. आपल्या पॉलिटेक्निकच्या मुलांनी प्रयोगशाळेत हाताळलेला तोच ८०५१. चिप अशाच तापत गेल्या तर वीज आणि उष्णता हीच भिंत ठरेल, हे त्यांनी १९९९ मध्येच आकड्यांनिशी मांडलं. त्यांचं उत्तर साधं होतं: एकाच गाभ्याला (कोरला) पळवण्यापेक्षा अनेक गाभे संथ चालवा. इंटेलने २००७ मध्ये दाखवलेली ८० गाभ्यांची प्रायोगिक चिप त्याच विचारातली. तिच्यात बंगळूरच्या अभियंत्यांचाही मोठा वाटा होता. सेकंदाला एक लाख कोटी गणितं करायला तिला ६२ वॉट पुरले. १९९६ मध्ये याच कामासाठी अमेरिकेच्या 'आस्की रेड' महासंगणकाला सुमारे दहा हजार प्रोसेसर आणि ५०० किलोवॉट लागले होते.

पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तोही अनेक प्रोसेसर जोडूनच. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून निवडलेली ही वाट पुढे सगळ्या जगाला धरावी लागली. या वाटेलाही शेवट आहे. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही गाभे जोडा, वेग दहापटीपलीकडे जात नाही.

म्हणून आता खास कामांच्या चिपचा काळ आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची एनव्हीडियाची 'एच १००' एकटी ७०० वॉटपर्यंत वीज घेते. अशा एक लाख चिप म्हणजे ७० मेगावॉट, थंड करण्याचा खर्च वेगळाच. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगर सौर प्रकल्पाची पूर्ण क्षमता १२५ मेगावॉट आहे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी रोज पाहणाऱ्यांना ही वीज फुकट येत नाही, हे सांगायला नको.

माझं मत स्पष्ट आहे. २ नॅनोमीटरच्या शर्यतीत आपण नाही, याची लाज बाळगण्याचं कारण नाही. रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारा नियंत्रक किंवा रात्री वीज आल्यावर पंप सुरू करणारा मोबाइल स्टार्टर, यांना ऊन सोसणारी, थोड्या विजेवर चालणारी, स्वस्त चिप हवी. ती जुन्या तंत्रातच उत्तम बनते. २०२१ च्या टंचाईत जगभरचे मोटारकारखाने थांबले, तेही बहुतांशी अशाच जुन्या चिपसाठी. धोलेऱ्याचा टाटांचा कारखानाही २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिपसाठीच उभा राहतो आहे.

केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत बनवून मिळतात, त्याच १८० नॅनोमीटर तंत्रावर. त्यासाठीची महागडी सॉफ्टवेअर सी-डॅकचं बंगळूरचं केंद्र पुरवतं. जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ८०५१ वर थांबू नये. ठिबकसाठीची, ४५ अंशांत न अडखळणारी चिप आपल्या विद्यार्थ्यांकडून आखून घ्यावी आणि मोहालीला पाठवावी. उन्हाची परीक्षा घ्यायला त्यांना प्रयोगशाळेबाहेर फार लांब जावं लागणार नाही.